किल्ली लावण्याआधी

2012 च्या दिवाळीत मी डिझेलची स्विफ्ट घेतली. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे वीस रुपयांहून जास्त फरक होता आणि माझं काम खतांच्या विक्रीचं. सकाळी सांगलीतून निघायचं, पलूस, तासगाव, वाळवा, कधी शिरोळ करून दिवेलागणीला घरी यायचं. दिवसाचे शंभर किलोमीटर ठरलेले. ज्याचं असं फिरणं आहे त्यानेच डिझेल घ्यावी. भाजी आणायला आणि मुलांना क्लासला सोडायला घेऊ नये, हे माझं मत आजही बदललेलं नाही. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन धड तापत नाही आणि काजळी आतल्या आत साचत जाते.

माझी गाडी मात्र रोज पोटभर पळायची. 1248 सीसीचं ते इंजिन मूळचं फियाटचं. मारुती, टाटा, शेवरोले अशा बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत तेच असायचं, म्हणून गाड्यांच्या शौकिनांत त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणत. सकाळी किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर पिवळ्या वेटोळ्याचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. थंडीत त्या हवेला थोडी मदत लागते, ती हीटर प्लग करतात. मला ते दोन-चार सेकंद आवडायचे. दिवसाचं पहिलं काम घाईने करायचं नाही, असं गाडीच सांगते आहे असं वाटायचं.

रस्त्यावर दोन हजार आरपीएमच्या खाली ती जरा सुस्त, आणि तिथून टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते. गणपतीपुळ्याहून येताना आंबा घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये, घरचे चौघं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन चढायची. लिटरला वीस-बावीसचं अ‍ॅव्हरेज. सात वर्षांत तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

मग ऑगस्ट 2019 आला.

2005 चा पूर आम्ही पाहिलेला, त्यामुळे पाणी कुठवर येईल याचा गावभागातल्या प्रत्येक घराचा एक अंदाज होता. भिंतीवर जुन्या पुराची खूण होती, तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. तो अंदाज चुकला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही सामान वरच्या मजल्यावर चढवत राहिलो आणि गाडी काढायची म्हणेपर्यंत गल्लीच्या तोंडाला छातीभर पाणी होतं. पाच दिवस गाडी खाली उभी होती. खिडकीतून बघितलं की तिचं नुसतं टप दिसायचं.

पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर आतून गाळ ओघळला. सीटवर गाळ, गिअरच्या खोबणीत गाळ, कप्प्यातली कागदपत्रं लगद्यासारखी. माझ्या खिशात किल्ली होती. एकदा लावून बघावी, कदाचित चालू होईल, असं फार वाटत होतं. बॅटरी काय, इंजिन काय, एकदा तिचा आवाज ऐकायचा होता. तेवढ्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचा फोन लागला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा :

"मालक, किल्ली लावलीत?"

"अजून नाही."

"मग गाडी वाचली. बॅटरीची वायर काढा आणि हात लावू नका."

दोन दिवसांनी ते आले आणि गुडघ्यावर बसून मला समजावू लागले. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघणार, वर पाणी बसलेलं, ते हटणार नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकणार आणि इंजिन जाम. डिझेलमध्ये तर वर जागाच थोडी असते. "पुरात गाडी मरत नाही मालक," ते म्हणाले. "पूर ओसरल्यावर घाईने किल्ली मारली की मरते."

गाडी ओढून नेली. हीटर प्लग काढून त्यांनी इंजिन हाताने फिरवलं, तेव्हा त्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. ऑइल काढलं तर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. ते तीनदा बदललं. डिझेलची टाकी खाली उतरवून धुतली, वायरिंगचा एकेक कपलर उघडून साफ केला, सीटा गच्चीवर आठ दिवस उन्हात टाकल्या. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. ऐंशी हजार रुपये घरातून गेले. महिन्याने गाडी चालू झाली आणि तो खडखडाट ऐकून माझे डोळे भरून आले.

ती परत रोज पळू लागली, पण पूर्वीची राहिली नाही. पावसाळ्यात काचा बंद केल्या की गाळाचा वास यायचा. कधी काच खाली जायची नाही, कधी मीटरवरचे दिवे उगाच लागायचे. एकदा तासगावहून येताना रात्री नऊ वाजता, भर पावसात, ती जागच्या जागी बंद पडली. आत कुठल्याशा कपलरला गंज धरला होता. दोन तास मी अंधारात बसून होतो.

2023 मध्ये माझी बदली ऑफिसात झाली. घरापासून ऑफिस तीन किलोमीटर. आता डिझेल गाडी ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती विकायला काढली. एप्रिल 2020 ला बीएस-6 चे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं, त्यामुळे जपून वापरलेली छोटी डिझेल गाडी शोधणारे लोक भरपूर. विकण्याआधी मी तिला रंगाचा हात मारून घेतला, पॉलिश केलं, नवी सीट कव्हरं घातली, वासाची डबी लावली. मला तेव्हा हे गाडी नीटनेटकी करणं वाटत होतं. आता मी त्याला लपवणं म्हणतो. त्या रंगकामात डिझेलच्या झाकणावरचं 'डिझेल' लिहिलेलं स्टिकर निघून गेलं. नवं लावायचं राहून गेलं.

गाडी पसंत केली ती गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी. राहायला कोल्हापूरला, रोज एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. त्या रस्त्यावरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला मी काही सांगायला नको. पाणी आलं की रस्ताच बंद होतो. फोटो बघितले, बोलणं झालं, तीन लाख दहा हजारांवर सौदा ठरला. शेवटी त्यांनी विचारलं :

"काका, एमएच-10 ची गाडी आहे म्हणून विचारते. पुरात सापडली नव्हती ना?"

"छे हो," मी म्हणालो. "तेव्हा गाडी पुण्याला होती, मुलाकडे."

बायको शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले. माझ्याकडे तिने बघितलं नाही, फक्त टरफलं गोळा करून आत गेली. रात्री जेवताना म्हणाली, "त्या रोज एकट्या जाणार त्या रस्त्याने."

"गाडी चांगली चालतेय की," मी म्हणालो. आणि खरंच ती चांगली चालत होती. खोट्याला टेकू द्यायला जवळ एखादं खरं असलं की माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

एका सकाळी मी गाडी द्यायला निघालो. अंकलीचा पूल ओलांडला, जयसिंगपूर मागे टाकलं. गाडी रिकाम्या टाकीने हातात देणं बरं दिसत नाही म्हणून रस्त्यात एका पंपावर वळलो. एसी चालू, काचा वर, कानाला फोन. पलीकडे बाईंचे यजमान बँकेतून पैसे कसे पाठवायचे ते विचारत होते. मी गाडी बंद केली, किल्ली हातात घेतली, आतूनच झाकणाची कळ ओढली आणि काचेतून पोराला दोन बोटं दाखवली. दोन हजार. उतरलो नाही, डिझेल म्हणालो नाही, झिरोसुद्धा बघितला नाही. मोबाइलवरून पैसे दिले. पोराने नोझल अडकवलं, झाकण लावलं आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

मी फोन ठेवला. किल्ली भोकात घातली. फिरवणार एवढ्यात बॉनेटवर धाडकन हात पडला.

"काका! किल्ली नका फिरवू! काका!"

दार उघडलं. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, घामाने डबडबलेला, चेहरा पांढराफटक. "काका, तुमची गाडी डिझेलची हाय का?"

"डिझेलचीच."

त्याने डोळे मिटले. "मी पेट्रोल टाकलंय."

मी खाली उतरलो. त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला, तळवा वर. "झाकण लावताना थोडं हातावर सांडलं. दुसऱ्या गाडीकडं गेलो, हात पुसाय फडकं घेतलं, तर हात सुकलेला. गार लागला आणि सुकला." त्याने अंगठा बोटांवर घासून दाखवला. "डिझेल असतं तर तेलकट ऱ्हातंय, दिवसभर जात न्हाई. पण तुमची गाडी आली तवा इंजिनचा आवाज डिझेलचा होता. ते आत्ता ध्यानात आलं."

मी त्या हाताकडे बघत राहिलो. कोरडा, नखांच्या कडांना काळा, थरथरणारा.

"झाकणावर काय लिवलेलं न्हवतं काका," तो हळूच म्हणाला. "स्विफ्ट दोन्हीत येती."

पेट्रोलची नळी बारीक असते, ती डिझेल गाडीच्या टाकीत सहज जाते. झाकणावरचा तो एक शब्द हीच काय ती आडकाठी, आणि ती मीच पुसून टाकली होती.

मॅनेजर आले. पोरावर ओरडले, पगारातून कापतो म्हणाले. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी डिझेल म्हणालोच नाही. पेट्रोलचे पैसे मी दिलेत, ते माझेच गेले. त्याच्या पगाराला हात लावू नका. हे बोलताना मला काही मोठं केल्यासारखं वाटलं नाही. पोरगा सांगण्यासारखी गोष्ट सांगून मोकळा झाला होता. माझं अजून सगळं पोटातच होतं.

चौघांनी ढकलून गाडी कडेला लावली. जयसिंगपूरहून मेकॅनिक आला, टाकीतलं सगळं कॅनमध्ये उपसून काढलं, थोडं डिझेल घालून टाकी धुतली, फिल्टर बदलला, हातपंपाने लाइनमधली हवा काढली. अडीच हजार घेतले. "चालू केली असती तर?" मी विचारलं. त्याने हात पुसत सांगितलं की डिझेल हे इंजिनातल्या डिझेल पंपाचं वंगणही आहे. पेट्रोल कोरडं. आत इतक्या दाबाने पंप फिरतो की वंगण नसलं तर लोखंड लोखंडाला घासतं, त्याचा कीस निघतो, आणि तो कीस केसासारख्या बारीक नोझलांत जाऊन बसतो. मग पंप, रेल, नोझल, सगळंच बदलायचं. "दहा किलोमीटर गेला असता आणि लाखाला गेला असता," तो म्हणाला. "किल्ली न्हाई फिरवली म्हणून अडीच हजारात सुटला."

चार वर्षांपूर्वी गाळात उभ्या गाडीशेजारी मिस्त्रींनी मला हेच सांगितलं होतं.

हे सगळं चालू असताना मी पंपाच्या कंपाउंडजवळच्या कडुनिंबाखाली एका जुन्या टायरवर बसलो होतो. पोराची शिफ्ट संपली, तो पाण्याची बाटली घेऊन आला. कॉलेजला पहिल्या वर्षाला आहे, रात्रपाळी करून सकाळी तासाला जातो, असं काहीबाही बोलला. मी त्याला विचारलं, "तू गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं? मी निघून गेलो असतो."

त्याला प्रश्न नीट कळलाच नाही असं दिसलं. "हात सुकला होता की काका," तो म्हणाला.

मी गाडीत जाऊन बसलो. दार उघडं ठेवून ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट धरला आणि ओढत गेलो. आपण बेल्ट लावतो तेव्हा तो अर्धाच बाहेर येतो; उरलेला खांबाच्या आत गुंडाळलेला असतो. मी तो पार शेवटपर्यंत ओढला. आतल्या टोकाला करड्या पट्ट्यावर तपकिरी डाग आला, हातभर लांब, आणि त्याच्या वरच्या कडेला एक सरळ रेघ. कृष्णेची रेघ. सगळी गाडी धुतली, रंगवली, झाकली; ही रेघ माझ्यासोबत चार वर्षं गाडीत बसून होती. मला ती माहीत होती.

मी बाईंना फोन लावला.

"निघालात का काका?"

"बाई, मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो. गाडी पुरात होती. पाच दिवस."

पलीकडे वर्गातला गलका ऐकू येत होता. मग त्या बाहेर आल्या असाव्यात, आवाज कमी झाला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी इंजिनाचं काम, वायरिंग, तासगावची ती रात्र, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"पाणी कुठवर होतं?" त्यांनी विचारलं.

"सीटच्या वर."

"आणि मी गाडी बघायला आले असते तर मला कशावरून कळलं असतं?"

"नसतंच कळलं. पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. लोक सीट कव्हरं बदलतात, मॅट बदलतात. बेल्ट कोणी बदलत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्यांचा मेसेज आला की गाडी नको. मी सांगलीकडे परत वळलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने काही विचारलं नाही, ताट वाढलं.

पुढे ती गाडी शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने नेली. त्याला मी आधी बेल्ट दाखवला, मग किंमत सांगितली. तो म्हणाला, आमचं अख्खं घर त्याच पाण्यात होतं, गाडीचं काय घेऊन बसलात. सत्तर हजार कमी मिळाले. मिस्त्रींचा नंबर मी त्याला लिहून दिला आणि झाकणावर नवं स्टिकर लावून गाडी दिली. त्या पंपावर मी अजूनही जातो. आता गाडी पेट्रोलची आहे, पण काच खाली करून, उतरून, मोठ्याने सांगतो काय भरायचं ते. पोरगा आता तिथे नसतो.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. बाईंचा मेसेज आला त्याला दहा-बारा दिवस झाले असतील. रविवार होता. त्यांचा फोन आला.

"काका, कोल्हापुरात एक डिझेल गाडी बघितलीय. नंबर एमएच-09. मालक म्हणतो पुराच्या वेळी गाडी उंचावर होती." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही येऊन बघाल का?"

मला काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, "मी? माझ्यावर विश्वास ठेवणार तुम्ही?"

"तुम्हाला कुठे बघायचं ते माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि सापडलं तर तुम्ही सांगाल."

बसने गेलो. जुन्या गाड्यांच्या त्या दुकानापुढे पांढरी गाडी धुऊनपुसून उभी होती, आरशाला लिंबू-मिरची, आत वासाची नवी डबी. बाई आणि त्यांचे यजमान उन्हात उभे होते. विकणारा माणूस हसत पुढे आला आणि त्याने बाईंपुढे किल्ली धरली. "घ्या मॅडम, चालू करून बघा. इंजिनचा आवाज ऐका एकदा."

बाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"किल्ली राहू दे," त्या म्हणाल्या. "काका, आधी बेल्ट."